लक्षपूर्वक ऐकणारा पुठ्ठा

जे सांगणार आहे ते कोणी खरं मानणार नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कुरबूर नको.

माणूस शिकतो तो बसल्यामुळे. हे सत्य जगातल्या सगळ्या शाळा-कॉलेजांनी फार पूर्वीच मान्य केलेलं आहे. म्हणून तर नवी शाळा काढायची म्हटलं की मास्तरांच्या आधी बाकं येतात. ऑनलाइन शिक्षणाने या सत्याला पूर्णत्वाला नेलं. इमारत गेली, फळा गेला, खडू गेला, घंटा गेली. बसणं तेवढं उरलं. इतकं शुद्ध शिक्षण याआधी मानवजातीला मिळालेलं नव्हतं.

या विषयावर बोलायचा मला अधिकार आहे. मी फोटोग्राफर. उभी हयात मी लोकांना 'हलू नका' म्हणण्यात घालवली. 'हलू नका' म्हणून पोट भरणारे दोनच, मी आणि मास्तर (न्हावी धरला तर तीन).

माझ्या स्टुडिओच्या दारात एक लांब बाक आहे. फोटो तयार होईपर्यंत गिऱ्हाइकांनी टेकावं म्हणून ठेवलेला. पण हल्ली त्यावर बसणाऱ्यांना फोटो सोडून सगळं हवं असतं. कोपऱ्यावरचा बेकरीवाला दुपारी भट्टी निवली की येतो. वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई ड्यूटीवरून येताना पाय मोकळे करायला म्हणून बसतात. आणि निवृत्त मुख्याध्यापक तर बहुधा बाकाबरोबरच आले असावेत. परवा या तिघांना जे सांगितलं, तेच इथे लिहितो. एका अक्षराचाही फरक केलेला नाही (दोन-चार ठिकाणी सुधारलं आहे).

तर, माझी नात. घरात तिला भिंगरी म्हणतात, कारण ती एका जागी ठरत नाही. पण ऐकते काय सुंदर! आजीची गुडघेदुखी ती अशी ऐकते, की सांगून झाल्यावर आजी उठून जिना चढते. फक्त ऐकताना तिचे पाय चालतात. तुम्ही तिला तुमचं दुःख सांगायला लागलात की ती खोलीभर फिरते, डबे उघडते, बंद करते, झाडाला पाणी घालते, तुमच्या शर्टाचं तुटलेलं बटण लावून देते. तुमचं बोलणं संपतं तेव्हा मात्र तुम्ही सुरुवातीला काय म्हणाला होतात, तेही तिच्या लक्षात असतं. तुमच्या असतंच असं नाही.

अशा पोरीला पाणीपुरवठा खात्यात जागा मिळत होती. काम तक्रारी ऐकून घेण्याचं. लोकांनी फोन करून ओरडायचं, हिने ऐकायचं. मुलाखतीत साहेबांनी सहज स्वतःच्या घरच्या नळाची गोष्ट काढली आणि बोलता बोलता त्यांचा सगळा संसारच बाहेर आला. भिंगरी केबिनमध्ये फेऱ्या मारत ऐकत राहिली. साहेबांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "जागा तुझी. फक्त उन्हाळा संपायच्या आत पदवी आणून दाखव. नाहीतर माझा मेहुणा रांगेत आहे." (मेहुणा रांगेत नव्हता. तो त्या जागेच्या खुर्चीवर बसून पाहत होता.)

पदवीला एकच विषय अडलेला, आणि तो कोणता, तर श्रवणकौशल्य, पायाभूत. तो राहिला यात पोरीची चूक नाही. पहिल्या वर्षी हा विषय नव्हता. दुसऱ्या वर्षी विषय होता, शिकवायला कोणी नव्हतं. तिसऱ्या वर्षी विषय होता, शिकवायलाही होते, पण वेळापत्रकात वार शिल्लक नव्हता. अशा विषयांसाठीच विद्यापीठाने उन्हाळी ऑनलाइन वर्ग काढले. विद्यार्थ्यांना सुट्टीत घरबसल्या शिकता यावं हा उदात्त हेतू, आणि कोणी मधूनच उठू नये हाही तितकाच.

त्यासाठी एक यंत्रणा बसवली होती, तिचं नाव लक्षमापक. विद्यार्थी ऐकतो की नाही, हे आजवर त्याला प्रश्न विचारून बघत. ती रीत रानटीच म्हणायची. लक्षमापक नुसतं बघून सांगतो. नियम साधे होते. चेहरा चौकोनाच्या मध्यावर असावा. नजर पडद्यावर असावी. मान हलवू नये. सहमती दाखवायची असल्यास ती मनातल्या मनात दाखवावी. डोळे मिटणे म्हणजे गैरहजेरी (उघड्या डोळ्यांनी झोपण्याबद्दल नियमांत अवाक्षर नाही). लक्ष ठरावीक टक्क्यांच्या खाली गेलं की नाव कापणार.

मापक मास्तरांनाही होता. प्राध्यापक बोलता बोलता विचार करायला थांबले की त्यांचे गुण जायचे. म्हणून बिचारे श्वाससुद्धा स्वल्पविरामाला न घेता परिच्छेदाला घ्यायचे आणि पडद्यावरच्या पाट्या सलग वाचत सुटायचे.

पहिल्या दिवशी भिंगरीचं लक्ष भरलं अकरा टक्के. तेही, बूट शोधायला ती कॅमेऱ्यासमोर वाकली म्हणून.

"आजोबा, माझी नोकरी चालली," ती म्हणाली.

"कुठे?"

"मेहुण्याकडे."

"मग बसत का नाहीस गं बाई एका जागी?"

"बसले की मला ऐकू येत नाही," ती म्हणाली.

"तसं असतं काहींचं," इथे नर्सबाई बाकावरून मधेच म्हणाल्या. "आमच्या मोठ्या डॉक्टरांना चष्मा काढला की ऐकू येत नाही."

असो. पोरीचा प्रश्न मी माझ्या धंद्यातून सोडवला. लक्ष देणारा चेहरा कोणाला जन्मतः नसतो, तो काढावा लागतो. मी भिंगरीला स्टुडिओतल्या पडद्यापुढे उभी केली आणि माझ्या हर्नियाच्या ऑपरेशनची हकीगत सांगायला घेतली. सर्जन कात्री मागतो आणि कात्री सापडत नाही, या ठिकाणी तिचे पाय क्षणभर थांबले. तेवढ्यात मी बटण दाबलं. काय चेहरा आला म्हणून सांगू! भुवया किंचित वर, ओठ किंचित विलग, डोळ्यांत असा भाव की आता पुढचं वाक्य ऐकलं नाही तर जगण्यात अर्थ नाही. फोटो कमरेपर्यंतचा, माणसाएवढा मोठा करून घेतला, जाड पुठ्ठ्यावर चिकटवला, कडेने कापला आणि खुर्चीवर बसवून कॅमेरा सुरू केला.

लक्ष नव्याण्णव टक्के. उरलेल्या एका टक्क्याची चौकशी केली तेव्हा कळलं, शंभर टक्के कुलगुरूंसाठी राखीव असतात.

पुढचे दिवस मी कधी विसरणार नाही. पुठ्ठ्याने नुसती प्रगती केली. एकदा त्याच्या नाकावर माशी बसली आणि तास संपेपर्यंत बसून राहिली; विद्यापीठाने एकाग्रतेबद्दल अभिनंदनाचा संदेश पाठवला (माशीला वगळलं, हा पक्षपात). एकदा पंख्याच्या वाऱ्याने पुठ्ठा तोंडावर आपटला. त्याची नोंद 'अतिअभ्यासाने घेरी' अशी झाली आणि प्राध्यापकांकडून प्रकृतीला जपण्याची सूचना आली. एकदा तर भर तासात आमची ही फडकं घेऊन आली आणि पुठ्ठ्याचं तोंड खसाखसा पुसून गेली. 'कौटुंबिक पाठिंबा : उत्तम' असा शेरा मिळाला. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या कोणत्याही कामाला हिचा पाठिंबा उत्तम असल्याची ही पहिली अधिकृत नोंद.

मग पुठ्ठा वर्गप्रतिनिधी झाला. बिनविरोध. 'कमी बोलते पण विचारपूर्वक', असं त्याच्याबद्दल सर्वांचं मत पडलं.

गुणवंतांची कीर्ती झाकून राहत नाही. हळूहळू एकेक विद्यार्थी स्टुडिओत यायला लागला. आधी मान खाली घालून, मग रांग लावून. मी नमुने भिंतीवर टांगले: साधं लक्ष, गाढ लक्ष, 'आत्ता समजलं', टिपणं घेताना (पेन स्वतःचं आणावं), आणि हुशार मुलांसाठी 'हे मला माहीत होतं, तरी सांगा'. एकाला 'शंका विचारण्याच्या बेतात' असा फोटो हवा होता, बोट अर्धवट वर. मी तो काढून दिला आणि फसलो. प्राध्यापक अख्खा तास त्याच्या शंकेची वाट बघत 'हं, विचारा, विचारा' म्हणत राहिले आणि त्या दिवशीचा धडा झालाच नाही. दुसऱ्या एकाने घाईत पुठ्ठा उलटा ठेवला, डोकं खाली. त्याला 'वेगळा दृष्टिकोन' या सदरात जादा गुण मिळाले. त्यानंतर चार जणांनी मुद्दाम उलटे मागितले. मी नकार दिला. धंद्यात काही तत्त्वं पाळावी लागतात.

आणि एके दिवशी, भर उन्हाळ्यात गळ्याला मफलर, डोळ्यांवर काळा चष्मा, असा एक गृहस्थ दुकानात शिरला. मी म्हटलं, "लक्ष साधं की गाढ?"

त्याने इकडेतिकडे बघितलं आणि घसा खाकरून म्हणाला, "शिकवतानाचं मिळेल का?"

आवाज ओळखीचा वाटला. घरात पुठ्ठ्यासमोर रोज चालायचा तोच.

"बसा, सर," मी म्हटलं. त्यांनी मफलर सोडला. माणूस दमलेला होता. म्हणाले, "समोर एवढे चेहरे डोळे फाडून ऐकत असतात. अहो, मी पाटी चुकून दोनदा वाचली तरी ऐकतात. असलं लक्ष कोणाला सोसेल?" मी त्यांचा हात उचललेला, प्रेमळ पण ठाम असा फोटो काढला. आवाज त्यांनी जुन्या तासांचा लावून दिला.

त्या दिवसापासून वर्ग सुरळीत सुरू झाला. एकीकडे पुठ्ठा शिकवतोय, दुसरीकडे पुठ्ठे शिकतायत. गैरहजेरी शून्य. गडबड शून्य. 'सर, आवाज येत नाही' असं कोणी म्हणत नाही. माणसांमुळे शिक्षणात जे अडथळे येतात ते सगळे मुळातून दूर झाले. विद्यापीठाच्या अहवालात लिहिलं होतं की असा शिस्तबद्ध वर्ग संस्थेच्या इतिहासात झाला नाही. स्वतः कुलगुरू एकदा तासाला उपस्थित राहून गेले. शेवटपर्यंत हसतमुख होते. (त्यांचा फोटो कोणाकडे काढलेला होता ते सांगणार नाही. गिऱ्हाइकाचं गिऱ्हाइकापाशी.)

"खरंय," मुख्याध्यापक काठीवर हनुवटी टेकून म्हणाले. "आमच्या वेळी साहेब तपासणीला यायचे, ते असेच."

"पुठ्ठा कुठला वापरलात हो?" बेकरीवाल्याने विचारलं. "केकच्या खोक्याचा?"

"जाड."

"तोच. दमट हवेतही उभा राहतो."

इथवर छान चाललं होतं. पण शेवटी विद्यापीठाने तोंडी परीक्षा ठेवली, आणि तोंडी म्हटलं की तोंड उघडावं लागतं. नियम असा: परीक्षा पडद्यावरच, पण प्रत्यक्ष विद्यार्थ्याची, परीक्षकही प्रत्यक्ष, आणि समोरचा चेहरा उन्हाळाभर बसलेल्या चेहऱ्याशी जुळतो की नाही हे लक्षमापक तपासणार. जुळला नाही की बाहेर. बाहेर म्हणजे पदवी नाही, आणि पदवी नाही म्हणजे मेहुणा.

मी भिंगरीला शिकायला बसवलं. विषय नव्हे, तिचा स्वतःचा चेहरा. फोटो समोर ठेवला आणि सांगितलं, "ही जशी दिसते तशी तू दिसायचंस. भुवया थोड्या वर. अजून. खांदे सैल. श्वास घे, पण कोणाला दाखवू नकोस."

"आजोबा, मी माझ्यासारखी दिसत नाहीये."

"म्हणून तर शिकवतोय."

परीक्षेच्या दुपारी तिचे पाय खुर्चीच्या पायांना ओढणीने बांधले (ओढणी तिचीच, गाठ आजीची). पडद्यावर प्राध्यापक आले. मी दाराआडून बघत होतो, आणि त्यांच्याकडे बघून माझ्या लगेच ध्यानात आलं, की तेही घरून कसून तयारी करून आलेत. हात उचललेला. चेहरा प्रेमळ पण ठाम. त्यांचाही चेहरा त्यांच्या फोटोशी जुळायचा होता ना. दोन जिवंत माणसं समोरासमोर बसली होती आणि दोघंही आपापल्या फोटोसारखी दिसण्याची शिकस्त करत होती. लक्षमापक खूश होता. दोघांना हिरवी खूण.

ओठ न हलवता प्राध्यापकांनी विचारलं, "ऐकण्याचं पहिलं तत्त्व कोणतं?"

ओठ न हलवता भिंगरी म्हणाली, "समोरच्याकडे लक्ष देणे."

आणि तिने दिलं. तेच चुकलं. तिने खरोखर लक्ष देऊन बघितलं, तर सरांच्या नाकाचा शेंडा थरथरत होता. शिंक येत होती. प्रेमळपणा जागेवर होता, ठामपणा जागेवर होता, हात वर होता, आणि नाक मात्र गावाला निघालं होतं. त्यांनी ती शिंक फार वेळ धरली. मग ती आली, आणि अशी आली की मागच्या कपाटावरची फुलदाणी पडली. भिंगरी इतकी हसली, इतकी हसली, की खुर्चीसकट आडवी झाली.

लक्षमापकाने लाल खूण दाखवली. विद्यार्थिनीची ओळख पटत नाही. परीक्षकाची ओळख पटत नाही. दोन अज्ञात इसम एका गुणी विद्यार्थिनीच्या परीक्षेत घुसले आहेत. दोघांनाही बाहेर काढून ऑनलाइन प्रतीक्षाकक्षात टाकलं आणि लगोलग चौकशी समिती नेमली.

प्रतीक्षाकक्ष म्हणजे एक करडा चौकोन. तिथे लक्षमापक नव्हता. तिथल्या माणसांचं लक्ष कुठे आहे याच्याशी विद्यापीठाला कर्तव्य नसतं. मग प्राध्यापक म्हणाले, "काय शिकलीस उन्हाळाभर?"

"खरं सांगू? काहीच नाही, सर."

"मीही काही शिकवलं नाही." आणि मग ते थांबले. विचार करायला. उन्हाळ्यात पहिल्यांदाच. "पहिला धडा सांगू का? तसाही वेळ आहे."

भिंगरीने ओढणी सोडली, समोर उभा केलेला फोन उचलला आणि खोलीभर फिरायला लागली. सरही उठून त्यांच्या घरात येरझाऱ्या घालायला लागले. माणूस तक्रार करतो तेव्हा मूळ दुखणं तक्रारीत नसतं, तक्रार संपल्यावर तो जे उगाच म्हणून जोडतो त्यात असतं, असं काहीसं ते सांगत होते. पोरीने मधेच थांबवून विचारलं, "आणि त्याने उगाच काही जोडलंच नाही तर?" सर म्हणाले, "फार चांगलं विचारलंस, थांब," आणि पुन्हा विचार करायला लागले. तेवढ्यात समितीने आत बोलावलं.

समितीपुढे भिंगरीने आणि सरांनी आपण खरे आणि उन्हाळाभर बसले ते पुठ्ठे असल्याचं सांगितलं. बोलण्याला पुरावा नव्हता. मग दोन्ही पुठ्ठ्यांना बाजू मांडण्याची संधी देण्यात आली. ते शांत राहिले. त्यांच्या संयमाची समितीवर फार चांगली छाप पडली. निर्णय असा झाला: पुठ्ठा विशेष प्रावीण्यासह उत्तीर्ण, पदवी पुठ्ठ्याला. मात्र पुठ्ठ्याला पदवी घेऊन हिंडणं अवघड असल्याने, सदर मुलीला त्याची अधिकृत प्रतिनिधी नेमण्यात येत आहे. सर त्यांच्या पुठ्ठ्याचे प्रतिनिधी झाले. (वेतन पुठ्ठ्याच्या खात्यात.)

उन्हाळा संपायला थोडा अवकाश असताना भिंगरी प्रमाणपत्र घेऊन पाणीपुरवठा खात्यात गेली. साहेबांनी वाचलं, "पुठ्ठ्याकरिता" असं लिहून तिची सही घेतली आणि मेहुण्याला खुर्चीवरून उठवलं. तो उठायला तयार नव्हता. इतके दिवस बसून त्याचं लक्षही चांगलंच वाढलं होतं.

"वा," नर्सबाई म्हणाल्या. "पोरीचं भलं झालं."

"आमच्या भाचीचाही असाच काढून द्या," बेकरीवाला म्हणाला. "गणित राहिलंय तिचं."

मी म्हटलं, अजून संपलं नाही. कामावर रुजू व्हायला आठवडा होता. भिंगरीने सरांना फोन लावला. "सर, दुसरा धडा कधी?"

सर म्हणाले, "कशाला? पास झालीस की."

"पास पुठ्ठा झाला, सर. मला ऐकायचंय."

आणि मग रोज सकाळी ते त्यांच्या गच्चीवर फेऱ्या मारत शिकवायचे आणि ही रस्त्याने चालत कानाला फोन लावून ऐकायची. मापक नाही, हजेरी नाही, टक्के नाहीत, गुण नाहीत. मधेमधे सर थांबायचे, तेव्हा हीही झाडाखाली थांबायची. श्रवणकौशल्य, पायाभूत, सगळंच्या सगळं झालं, आणि शेवटच्या दिवशी दोघांनी मिळून ठरवलं, की आता पुढचंही...

"थांबा," मुख्याध्यापक म्हणाले. त्यांनी काठीवरची हनुवटी उचलली होती. "आता मात्र धडधडीत खोटं बोलताय तुम्ही."

"कुठे?"

"पुठ्ठा शिकला, समजू शकतो. पुठ्ठ्याने शिकवलं, त्यात नवल नाही, जन्मभर बघत आलोय. पदवी पुठ्ठ्याला दिली, देतात. पण पास झाल्यानंतर शिकायला कोण जातं हो?"

बेकरीवाल्याने मान डोलावली. नर्सबाईंनीही डोलावली. तुमचीही हलली, मला इथून दिसली.